राजीखुशीचे जुने इंग्रजी शब्द : प्रस्तावना

इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाची वाट लांबलचक आणि दुर्बोध शब्द अडवतात, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु अशा शब्दापाशी वाचक आपण होऊन थांबतो, कोश उघडतो आणि अर्थ पाहूनच पुढे जातो, म्हणून त्याच्यापासून होणारे नुकसान थोडके असते. खरी फसगत होते ती आखूड, पूर्वी कोठेतरी भेटलेल्या आणि म्हणून ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी, कारण तेथे थांबण्याची गरजच कोणाला भासत नाही. 'फेन' हा असाच एक शब्द. लहान कोशात त्याच्यापुढे 'आनंदाने, खुशीने' एवढा अर्थ सापडतो, आणि तेवढीच शिदोरी घेऊन जो वाचक शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातील चौथ्या अंकाच्या अखेरच्या प्रवेशापर्यंत पोचतो, त्याला मोठे कोडे पडते. वादळी रात्री दोघी मुलींनी घराबाहेर ठेवलेला वृद्ध राजा तेथे निद्रिस्त आहे, त्याच्यावर निरतिशय प्रेम करणारी धाकटी कॉर्डीलिया त्याच्याजवळ उभी आहे, आणि डुकरांच्या व भणंगांच्या संगतीत कुबट गवतावर त्याला आसरा घ्यावा लागला हे आठवून ती जे शोकोद्गार काढते त्यांत नेमका 'फेन' हा शब्द येतो. राजाने ते गवत आनंदाने पत्करले होते काय? कोशातला अर्थ खोटा नाही आणि नाटकातले वाक्यही चुकलेले नाही. तथापि दोहोंचा मेळ बसत नाही. तो मेळ बसवण्याच्या प्रयत्नात मनुष्याची इच्छा आणि त्याची परिस्थिती यांच्यामधला जो देवघेवीचा व्यवहार प्रत्येक भाषेला शब्दांत मांडावा लागतो, त्याचेच एक प्रकरण आपल्यापुढे उलगडत जाते, आणि हे छोटेखानी पुस्तक त्या प्रकरणापुरते आहे.

पुढील पानांत ज्या शब्दांचा परामर्श घेतला आहे ते सर्व राजीपणाचे, तयारीचे, मनःपूर्वक होकाराचे शब्द आहेत. त्यांत 'फेन' आणि 'लीफ' हे दोन वृद्ध शब्द मुख्य असून 'ग्लॅड', 'विलिंग', 'रेडी', 'कन्टेन्ट' आणि लॅटिनमधून आलेला 'अलॅक्रिटी' हे त्यांच्या भोवतीचे. नागरीत लिहिल्यावर 'फेन' हा शब्द आपल्या फेसवाचक संस्कृत शब्दासारखाच दिसतो. हे साम्य निव्वळ अक्षरांचे आहे आणि त्यावरून कोणी व्युत्पत्तीचे इमले रचू नयेत, एवढी विनंती आरंभीच केलेली बरी.

'फेन'चे मूळ जुन्या इंग्रजीतील 'फॅयेन' या विशेषणात आहे. जुन्या सॅक्सन व जुन्या नॉर्स भाषांत त्याचे सख्खे भाऊबंद आढळतात, आणि या साऱ्या घराण्याचा मूळ अर्थ एकच : हर्षित, प्रफुल्ल, मनातून उल्हसित. येथे कोणाच्या आज्ञेला होकार देण्याचा प्रश्न नाही, दोन गोष्टींतून एक पसंत करण्याचाही नाही. हा आनंद आहे आणि तो आनंदच आहे. इसवी सन १००० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एकमेव हस्तलिखितात जे 'बेओवुल्फ' महाकाव्य आज शिल्लक आहे, त्यात जलाशयाच्या तळाशी असलेल्या राक्षसिणीच्या विवरातून नायक जिवंत वर येतो, त्याचे साथीदार ग्रेंडेल या राक्षसाचे प्रचंड मस्तक भाल्याच्या दांड्यावर घालून चौघांच्या खांद्यावरून कष्टाने वाहून नेतात, आणि त्या परतीच्या वाटेवर त्या योद्ध्यांच्या अंतःकरणाचे वर्णन करताना कवी हाच शब्द वापरतो. आपला धनी मेला असे समजून दिवसभर ज्यांनी त्या पाण्याकडे पाहत काढला, त्यांच्या मनाची ही अवस्था आहे. तिच्यात कसलीही अट नाही, कसलाही अडसर नाही. चौदाव्या शतकात चॉसर आपल्या सरदाराच्या कथेत तेजस्वी सूर्य पाहून हरखणाऱ्या पाखराची उपमा देतो तेव्हाही त्याच्या हाताशी हाच शब्द येतो, आणि येथवर तरी तो निष्कलंक आहे.

याच घरातून दुसरा एक शब्द निघाला आणि त्याचे पुढे भलतेच झाले. जुन्या इंग्रजीत 'हर्ष करणे' या अर्थाचे जे क्रियापद याच विशेषणापासून तयार झाले होते, त्याचे एक रूप कुत्र्याने मालकाला पाहून शेपूट हलवावी, अंगाशी यावे, पाय चाटावेत या वर्तनाला लावले जाऊ लागले. कुत्र्याचा तो आनंद खरा असतो, पण माणसाने तसे केले की तो खुशामतखोर ठरतो. म्हणून आजच्या इंग्रजीत 'फॉन' हे क्रियापद दरबारी हुजरेगिरीच्या निंदेसाठीच उरले आहे. आपल्याकडे 'लाचार' हा शब्द दुसऱ्या वाटेने याच जागी येऊन पोचला. ज्याला चारा म्हणजे उपाय उरला नाही तो लाचार, असा त्याचा मूळचा सरळ अर्थ. परंतु मराठीत आपण एखाद्याला लाचार म्हणतो तेव्हा त्याच्या निरुपायापेक्षा त्याच्या पुढेपुढे करण्याचाच आपल्याला अधिक तिटकारा आलेला असतो. आनंद, निरुपाय आणि लाळघोटेपणा या तीन गोष्टी विचारात दूर दूर असल्या तरी व्यवहारात त्यांच्या सीमा एकमेकींना लागून आहेत, आणि शब्द या सीमा ओलांडताना कोणाची परवानगी मागत नाहीत.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. हर्षित या अर्थाचा शब्द नाइलाजाचा कसा झाला, याचे मर्म डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या कोशात फार थोडक्यात सांगितले आहे. आनंदी हा पहिला अर्थ देऊन तो स्कॉटलंडात अद्याप टिकून असल्याची नोंद ते करतात, आणि दुसरा अर्थ 'भाग पडलेला, जबरदस्ती झालेला' असा देऊन त्यांचे म्हणणे असे की, काही संदिग्ध वाक्यांत मूळ अर्थाविषयी गैरसमज झाल्यामुळे हा दुसरा अर्थ उपजला असावा. 'मी अमुक करायला फेन होतो' असे कोणी म्हटले, आणि ते अमुक म्हणजे काही हौसेने करण्याजोगे काम नसले, तर ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ 'यापेक्षा वाईट टळले म्हणून बरे वाटून केले' असा घेतला काय आणि 'करणे भाग पडले' असा घेतला काय, उरलेल्या वाक्याला दोन्ही सारखेच जुळतात. पुढे हेन्री ब्रॅडली यांच्या हातून ऑक्सफर्डच्या बृहत्कोशातील 'एफ' या अक्षराचे संपादन झाले, तेव्हा दोन टोकांच्या मधली पायरी अधिक स्पष्ट झाली : अधिक चांगले काही मिळत नाही म्हणून, किंवा दोन अनिष्टांपैकी कमी अनिष्ट म्हणून, आहे त्यात समाधान मानणारा. माझ्या मते जॉन्सन यांनी याला गैरसमज म्हटले ते थोडे अन्यायाचे आहे. ऐकणाऱ्याची चूक झाली असे म्हणण्यापेक्षा बोलणाऱ्याची अवस्थाच दुहेरी होती असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. ज्याचे घर पुरात गेले त्याला देवळाच्या ओसरीवर जागा मिळाली तर तो खूश होतो, आणि ती खुशी लटकी नसते. पण कोणी त्याला 'तू आपल्या खुशीने ओसरीवर राहायला आलास' असे म्हटले, तर ते असत्य ठरते.

यामुळे मध्ययुगाच्या उत्तरार्धानंतर हा शब्द मुख्यतः दोन घडणींत सापडतो, आणि वाचकाने या दोहोंची ओळख पक्की करून घेतली तर निम्म्याहून अधिक अडचण दूर होते. एक घडण 'वुड फेन' ही. तेथे इच्छा सच्ची, उत्कट आणि बहुधा अपुरी असते. मनात फार आहे, पण मार्गात काहीतरी आडवे आलेले आहे. दुसरी घडण 'वॉज फेन टु' ही. तेथे कृती घडून गेलेली असते, पण ती मुळात इच्छिलेली नसते. पहिलीत इच्छा आहे आणि कृती नाही, दुसरीत कृती आहे आणि इच्छा नाही. इच्छा आणि कृती एकत्र नांदतात अशी बेओवुल्फच्या साथीदारांची जी जुनी जागा होती, ती या शब्दाच्या हातून निसटली आणि 'ग्लॅड' व 'विलिंग' यांनी ती बळकावली.

पहिल्या घडणीचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. बापाच्या हयातीतच आपला हिस्सा मागून घेऊन परमुलखात गेलेला धाकटा मुलगा दुष्काळात कफल्लक होतो, डुकरे चारण्याची चाकरी धरतो, आणि ती जनावरे ज्या शेंगा खातात त्यांनीच पोट भरावे असे त्याला फार वाटू लागते. परंतु कोणी त्याला काही देत नाही. विल्यम टिंडेल यांनी १५२६ मध्ये मूळ ग्रीकवरून इंग्रजी नवा करार छापला तेव्हा या ठिकाणी 'फेन' हा शब्द घातला, १५६० च्या जिनीव्हा बायबलने तो ठेवला, १६११ च्या राजमान्य भाषांतराने ठेवला आणि १८८१ च्या सुधारित आवृत्तीनेही तो हलवला नाही. मूळ ग्रीक क्रियापद 'तीव्र इच्छा करणे' या अर्थाचे आहे. पुढच्याच, म्हणजे सोळाव्या अध्यायात श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजरस मेजावरून पडणाऱ्या उष्ट्याची आशा धरतो, तेथे ग्रीकमध्ये तेच क्रियापद असून इंग्रज भाषांतरकारांनी मात्र तेथे 'फेन' न घालता 'इच्छिणे' या अर्थाचा साधा शब्द पत्करला. याचे कारण कोणी लिहून ठेवलेले नाही. पण दोन्ही स्थळे शेजारी ठेवून वाचली की भेद जाणवतो. लाजरस जन्माचा दरिद्री म्हणून कथेत येतो आणि त्याला हवे आहे ते माणसाचे अन्न. उधळ्या पुत्राला जे हवेसे वाटू लागले आहे ते वास्तविक कोणालाही हवेसे वाटू नये असे आहे. न मागण्याजोगी वस्तू मागावीशी वाटणे, ही अधोगतीची खूण त्या जुन्या शब्दाने अचूक पकडली आहे. १९५२ च्या अमेरिकन भाषांतरात त्या जागी 'ग्लॅडली' आले आहे. ते चूक नाही, वाक्य सुबोधही झाले आहे, परंतु शेंगांकडे पाहणाऱ्या त्या मुलाच्या डोळ्यांतले पाणी त्यात काहीसे आटले, असे मला वाटते.

राजमान्य भाषांतराच्या दोन्ही करारांत मिळून हा शब्द अवघा दोनदा येतो. दुसरे स्थळ ईयोबच्या ग्रंथातील सत्ताविसाव्या अध्यायात आहे. तेथे दुर्जनावर वादळ कोसळते आणि त्याच्या तावडीतून निसटावे म्हणून तो धडपडतो. हिब्रूत 'पळणे' हे एकच क्रियापद द्विरुक्त करून आवेग दाखवलेला आहे, आणि तसे असल्याचे भाषांतरकारांनी समासात प्रामाणिकपणे नमूदही केले आहे. ती द्विरुक्ती इंग्रजीत उतरवण्यासाठी त्यांनी 'फेन'चा आधार घेतला. मराठीत आपण 'पळता भुई थोडी होणे' म्हणतो. पळण्याची ती आतुरता आणि जागेचा तो अभाव त्या जुन्या इंग्रजी शब्दात एकवटलेला दिसतो.

आता लिअरकडे परत जाता येईल. हे नाटक १६०५-०६ च्या सुमाराचे, म्हणजे राजमान्य भाषांतराच्या आधीचे. परंतु जिनीव्हा बायबल त्या काळी घरोघर वाचले जात होते, आणि उधळ्या पुत्राचा दाखला कोणाही प्रेक्षकाच्या कानावरून अनेकदा गेलेला असणार. अशा प्रेक्षकासमोर कॉर्डीलिया जेव्हा डुकरे आणि 'फेन' हे शब्द एकाच वाक्यात उच्चारते, तेव्हा त्याला तो दाखला आठवला नसेल असे मानणे कठीण आहे. फरक एवढाच की येथे परमुलखात भटकणारा मुलगा नसून बाप आहे, आणि घरी परत घेण्यासाठी धावून येणारी ती त्याची मुलगी आहे. बायबलातील घडण 'वुड फेन'ची, इच्छेची. कॉर्डीलियाच्या तोंडची घडण दुसरी, नाइलाजाची. मुलाला डुकरांचे अन्न हवेसे वाटले, बापाला डुकरांचा निवारा पत्करणे भाग पडले. 'आनंदाने' हा एकच अर्थ दोन्हीकडे चिकटवणारा वाचक केवळ एका शब्दाला मुकतो असे नाही, तर नाटककाराने उभे केलेले ते सारे उलटे प्रतिबिंब त्याच्या नजरेतून सुटते.

शेक्सपिअरकडे या शब्दाचे इतर मासले पुष्कळ आहेत आणि ते बहुतेक पहिल्या घडणीचे आहेत. ज्युलिएट सज्जात बोलत असता तिचे मनोगत खाली उभ्या असलेल्या रोमिओच्या कानी पडते. ते कळल्यावर रीतीभातीला धरून वागावे, बोललेले नाकारावे असे तिला वाटते, आणि त्या एकाच उद्गारात ती हा शब्द तीनदा योजते. पण बोललेले परत घेता येत नाही हे तिला ठाऊक आहे. मॅकबेथ पाचव्या अंकात आपल्या वार्धक्याचा हिशेब मांडतो, तेव्हा प्रेम व मित्रमंडळी यांच्याऐवजी आपल्या वाट्याला तोंडदेखला मान आला आहे असे म्हणतो, आणि तो मान देणाऱ्यांच्या बिचाऱ्या हृदयाला तो नाकारावासा फार वाटतो, पण धाडस होत नाही, हेही त्याला कळते. जुलमी राजाने आपल्या प्रजेची अंतःस्थिती इतक्या स्वच्छपणे ओळखावी आणि ती सांगायला त्याला 'फेन' हाच शब्द मिळावा, यात या शब्दाचे सारे सामर्थ्य दिसून येते. सर वॉल्टर रॅली यांनी खिडकीच्या काचेवर महत्त्वाकांक्षा आणि पतनाचे भय यांविषयीची एक ओळ लिहिली आणि एलिझाबेथ राणीने तिच्याखाली उत्तराची ओळ लिहिली, अशी जी आख्यायिका टॉमस फुलर यांनी १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे, तिच्यातही रॅलींच्या ओळीचा आरंभ याच शब्दाने होतो. दुसऱ्या घडणीचे मासले हवे असतील तर त्याच शतकातील सॅम्युएल पेपिस यांची रोजनिशी चाळावी. आरमाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर असलेला हा गृहस्थ १६६० पासून १६६९ पर्यंत लघुलिपीत रोजचे व्यवहार टिपत होता, आणि गैरसोय सोसून काही करावे लागले की 'वॉज फेन टु' ही घडण त्याच्या लेखणीतून सहज उतरते.

मराठी वाचकाला हा अर्थबदल परका वाटण्याचे काही कारण नाही, कारण आपल्या दप्तरांत याचा भरपूर पुरावा पडलेला आहे. खरेदीखत, गहाणखत किंवा कर्जरोखा लिहून देताना 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' लिहून दिल्याचा मजकूर घालण्याची वहिवाट जुनी आहे, आणि ती आजही मोडलेली नाही. एकोणिसाव्या शतकात पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील किती रयतांनी सावकाराच्या ओट्यावर बसून असल्या मजकुराखाली अंगठा उठवला असेल, आणि त्यांतल्या कितींची खुशी कॉर्डीलियाच्या बापाच्या खुशीहून वेगळी असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तारीख १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जो उठाव झाला आणि पुढे गावोगाव पसरला, त्यात लोकांचा मुख्य रोख सावकारांजवळच्या खतपत्रांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याने दिवाणी न्यायालयाला रोख्यावरच्या मजकुरामागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच ठरवले. त्याआधी सात वर्षे, १८७२ च्या कराराच्या कायद्याने, जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, फसवणूक वगैरे दोषांपासून मुक्त असेल तीच संमती खरी, असे सांगून ठेवले होते. शब्दकोशकारांना जे 'फेन'च्या बाबतीत वाक्यावाक्यांतून शोधावे लागले, ते विधिमंडळाला कलमे घालून सांगावे लागले. 'राजीनामा' या शब्दाचा प्रवासही याच जातीचा आहे. राजी असल्याचे लेखी पत्र, म्हणजे संमतिपत्र, एवढाच त्याचा अक्षरार्थ. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात जमीन सोडणाऱ्याने राजीनामा द्यावा आणि घेणाऱ्याने कबुलायत लिहून द्यावी असा परिपाठ होता, आणि सोडून देण्याच्या या कागदामुळेच तो शब्द आज पद सोडण्यापुरता उरला आहे.

'लीफ' या शब्दाची हकीगत निराळी आणि मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. जुन्या इंग्रजीतील 'लेओफ' म्हणजे प्रिय, लाडका. 'लव्ह' हा शब्द त्याच्या जवळच्या नात्यातला आहे, परवानगी या अर्थाचे 'लीव्ह' त्याच्या नात्यातले आहे, जर्मन 'लीब' आहे; आणि पूर्वेकडे याच मूळ धातूची शाखा संस्कृतमध्ये 'लुभ्' या रूपाने वाढलेली आहे. षड्रिपूंत गणला जाणारा लोभ आपण सर्व जाणतो. परंतु मराठी माणूस पत्राच्या अखेरीस 'लोभ असावा ही विनंती' असे लिहितो, तेव्हा तो हव्यासाची मागणी करत नसतो. त्या चार शब्दांत 'लोभ' हा 'लीफ'च्या अगदी मूळ अर्थाजवळ, निर्व्याज ममतेजवळ उभा असतो. इंग्रजीत 'लिव्हलाँग नाइट' असा जो कवींचा आवडता प्रयोग आहे, त्यातला पहिला भाग 'जगणे' या क्रियापदाचा नसून याच 'लीफ'चा आहे. प्रिय वस्तूचे विशेषण लांबीवर जोर देण्यासाठी वापरले गेले, आणि पुढे मूळ शब्द विसरला गेल्यावर लोकांनी त्यात जीवन पाहिले.

विशेषण म्हणून मागे पडल्यावर 'लीफ' उरला तो 'हॅड अ‍ॅज लीफ' या एका घडणीत, आणि तेथे त्याचे काम तराजूचे झाले. एक पर्याय सांगायचा आणि दुसराही मला तितकाच चालेल असे म्हणायचे. परंतु तो दुसरा पर्याय मुद्दाम वाईट निवडलेला असतो, म्हणून वाक्यात आवडीपेक्षा तुच्छताच अधिक उमटते. नटांनी भाषणे आरडाओरड करत म्हणायची असतील तर ती गावच्या दवंडीवाल्याने म्हटलेली काय वाईट, असे हॅम्लेट त्यांना बजावतो ते याच घडणीत. 'ज्यूलियस सीझर'मध्ये कॅशियस ब्रूटसला चिथावताना, आपल्यासारख्याच एका माणसाच्या धाकात जगण्यापेक्षा नसलेले बरे, हा विचार याच घडणीत मांडतो, आणि 'लीफ' व 'लिव्ह' यांच्या ध्वनिसाम्याचा लाभही घेतो. 'फेन'मध्ये इच्छा परिस्थितीपुढे वाकते. 'लीफ'मध्ये ती ताठ उभी राहून दोन्ही पर्यायांकडे वरून पाहते. म्हणून कोशाने दोघांसमोर 'खुशीने' असा एकच अर्थ दिला, तरी एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही.

बाकीच्या शब्दांविषयी येथे थोडक्यात सांगतो. 'विल' आणि 'विलिंग' यांचा संबंध भाषाशास्त्रज्ञ 'निवडणे' या अर्थाच्या संस्कृत 'वृ' धातूशी जोडतात, ज्यापासून आपला 'वर' आणि 'स्वयंवर' आले. १५४९ पासून चालत आलेल्या इंग्लंडच्या प्रार्थनाग्रंथातील विवाहविधीत वधूवर जे 'आय विल' म्हणून उत्तर देतात, त्यात भविष्यकाळ नसून निवडीचा हा जुना अर्थ आहे. त्याचे नकारी रूप 'निल' स्वतंत्रपणे नष्ट झाले आणि 'विली-निली' या जोडशब्दात तेवढे तग धरून राहिले. त्याला आपले 'खुशी-नाखुशीने' फार जवळचे आहे. 'ग्लॅड' मुळात झळाळणाऱ्या वस्तूचे विशेषण. 'कन्टेन्ट' हा समाधानाचा शब्द ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात अनुकूल मत देण्यासाठी आजही वापरला जातो आणि विरोधी मताला 'नॉट कन्टेन्ट' म्हणतात. राजकीय संमती ही हर्षाची बाब नसून हरकत नसण्याची आहे, हे त्या सभागृहाने नकळत नोंदवून ठेवले आहे. 'अलॅक्रिटी' तेवढा चपळ. संगीतातील 'अलेग्रो' त्याच लॅटिन शब्दातून आलेला असल्यामुळे त्यात इच्छेबरोबर गतीही आहे, आणि हुकूम होताच उठून कामाला लागणाऱ्या माणसाचे वर्णन करताना हाच शब्द योग्य ठरतो.

पर्यायशब्दांचा विचार करताना पीटर मार्क रोजे यांना वगळून भागणार नाही. व्यवसायाने वैद्य असलेल्या या विद्वानाने १८०५ मध्ये स्वतःच्या उपयोगासाठी एक शब्दसूची केली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीसपद दीर्घकाळ सांभाळून निवृत्त झाल्यावर, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, १८५२ मध्ये, तिचा विस्तार करून आपला प्रख्यात पर्यायकोश प्रसिद्ध केला. अक्षरानुक्रम सोडून त्यांनी सर्व शब्द एक हजार कल्पनांखाली लावले. त्यांत ६०२ क्रमांक राजीपणाचा आहे, शेजारच्या रकान्यात ६०३ नाराजीचा, आणि 'फेन' व 'लीफ' हे दोघेही जुन्या आवृत्त्यांत ६०२ खाली हजर आहेत. मराठी वाचकाला विशेष वाटावे ते हे की, कोशाच्या उपोद्घातात रोजे यांनी आपल्या अमरकोशाचा निर्देश केलेला आहे. कोलब्रूक यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या सेरामपूरला, छापले गेले होते. अमूर्त कल्पना आणि मनोव्यापार यांच्या बाबतीत अमरकोशाची मांडणी त्यांना सदोष वाटली. या अभिप्रायात तथ्य असले तरी अमरसिंहाचा ग्रंथ 'नामलिंगानुशासन' होता, पाठांतरासाठी छंदात बांधलेला आणि लिंगज्ञान देणारा होता, हे लक्षात घेतले तर दोघांच्या प्रयोजनांतच अंतर आहे हे दिसेल. दोन्ही कोशांनी एक गोष्ट मात्र सारखीच वाचकावर सोपवली आहे. एका ओळीत बसवलेले शब्द परस्परांच्या जागी केव्हा चालतात आणि केव्हा चालत नाहीत, हे ते सांगत नाहीत. ते वाक्यांतूनच शिकावे लागते. प्रस्तुत पुस्तकात प्रत्येक शब्दाखाली त्याची घडण, त्या घडणीचा काळ आणि स्थळांचा निर्देश दिला आहे तो याच हेतूने.

भाषांतर करणाऱ्यांना माझी आग्रहाची सूचना अशी की, 'वुड फेन' दिसले म्हणजे 'आनंदाने'कडे धाव न घेता मराठीच्या 'जावेसे वाटे', 'सांगावेसे फार वाटते' या कर्त्याला बाजूला ठेवणाऱ्या रचनेकडे वळावे. तिच्यात इच्छा मनाला येऊन भिडते आणि 'पण' हा शब्द न लिहिताही पुढे ऐकू येतो. 'वॉज फेन टु' आले तर आधी प्रसंग पाहावा. सुटकेचा निःश्वास असेल तेथे 'त्यातच समाधान मानले' चालेल, निव्वळ नाइलाज असेल तेथे 'भाग पडले' किंवा 'झक्कत करावे लागले' हेच शोभेल. मात्र लिअरसारख्या प्रसंगी 'झक्कत' हा शब्द तोंडी घालू नये, कारण त्यातली चरफड कॉर्डीलियाच्या शोकाला मारक होते. स्वतः इंग्रजी लिहिताना हे दोन्ही शब्द वापरू नयेत. स्कॉटलंडच्या बोलीत आणि इतरत्र काही जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून आढळतात, तेथे ते सहज आहेत. आपल्या अर्जात किंवा पत्रव्यवहारात ते घातले तर वाचणारा आशयाऐवजी शब्दाकडेच पाहत बसेल.

आणखी एक खुलासा करणे अवश्य आहे. उच्चाराने 'फेन'सारखेच असलेले दोन शब्द, एक सोंग करणे या अर्थाचे क्रियापद आणि दुसरे देवालय या अर्थाचे काव्यातले नाम, येथे घेतलेले नाहीत. दोन्ही लॅटिन वंशातले असून त्यांचा या कुळाशी संबंध नाही. त्याचप्रमाणे लंडन व आग्नेय इंग्लंडमधील मुले खेळात डाव थांबवताना 'फेनाइट्स' असे ओरडत, आणि आयोना व पीटर ओपी या दांपत्याने शाळकरी मुलांच्या भाषेवरील १९५९ च्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. तो शब्दही राजीपणाच्या कुळातला नसून, अंग काढून घेणे, माफी मागून घेणे या अर्थाच्या एका मध्ययुगीन क्रियापदाशी जोडला जातो, म्हणून त्याला वेगळी नोंद न देता परिशिष्टातील समोच्चारी शब्दांत ठेवले आहे.